शकुंतला रेल्वे
शकुंतला रेल्वे : महाराष्ट्रातील यवतमाळ, वाशिम, अकोला व अमरावती या जिल्ह्यांतून गेलेला ऐतिहासिक अरुंदमापी लोहमार्ग व त्यावरील प्रवासी गाडी यांस रूढ झालेले लोकप्रिय नाव. मध्य रेल्वेच्या भुसावळ–नागपूर या रुंदमापी मार्गावरील मूर्तिजापूर हे या मार्गाचे संगमस्थान असून तेथून आग्नेयीस यवतमाळपर्यंत (सु. ११३ किमी.) व उत्तरेस अचलपूरपर्यंत (सु. ७६ किमी.) अशा त्याच्या दोन शाखा आहेत. दोन रुळांतील अंतर ७६२ मिमी. (अडीच फूट). वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी बांधण्यात आलेला हा मार्ग पुढे सर्वस्वी प्रवाशांच्या उपयोगाचा बनला. तथापि बदललेल्या कामाला अनुरूप असे नवे रूळ व नवी वाहने त्यास लाभली नाहीत. भारतातील लहान शाखामार्गांचा उदय व ऱ्हास समजून घेण्याच्या दृष्टीने त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : हैदराबादच्या निजामाकडून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांच्या हाती आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा (जीआयपी) भुसावळहून पूर्वेकडे जाणारा मार्ग तयार होत होता. तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. हा मार्ग पूर्णा खोऱ्यातील सपाटीवरून गेल्यामुळे खामगाव व अमरावती या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा त्यापासून थोड्या अंतरावर राहिल्या. त्या जलंब–खामगाव व बडनेरा–अमरावती या आखूड रुंदमापी शाखांनी १८७०–७१ च्या सुमारास मुख्य मार्गास जोडण्यात आल्या.

दक्षिणेकडील यवतमाळच्या पठारी प्रदेशाला मात्र अशी सोय नव्हती. त्यावेळचा वणी जिल्हा (१९०५ पासून यवतमाळ जिल्हा) डोंगराळ व विरळ वस्तीचा होता. कापसाची वाहतूक बैलगाड्यांतून होई. काळ्या जमिनीतून गेलेले कच्चे रस्ते पावसाळ्यात वाहतुकीस निरुपयोगी होत, त्यामुळे कापूस वेचणीनंतरच्या कोरड्या महिन्यांतच सर्व माल हलवावा लागे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा या ठिकाणी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाल्यानंतर वर्षभर चालू राहील अशा वाहतुकीच्या साधनाची निकड अधिकच भासू लागली. हा सर्व कापूस इंग्लंडला जात असे, अशी समजूत प्रचलित आहे. ती पूर्णतः खरी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसास मुंबई व नागपूर येथील गिरण्या, तसेच जपान यांच्याकडूनही मोठी मागणी होती.

बांधणी व मालकी : मुख्य मार्गांना जोडणाऱ्या लहान शाखा सरकारने स्वतः न बांधता खाजगी भांडवलाकडून बांधून घ्याव्यात, असे धोरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीकारण्यात आले. कंपनीने भांडवल उभारून मार्ग बांधावा, जवळच्या मोठ्या रेल्वेने आपली एंजिने, डबे व नोकरवर्ग लावून तो चालवावा आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा मालक कंपनीस द्यावा, अशी ही सर्वसाधारण व्यवस्था होती. मुंबईतील किलिक, निक्सन आणि कंपनी या ब्रिटिश व्यापारी पेढीने या धोरणानुसार १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग या कंपनीच्या मालकीचा असून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो वाहतुकीस सज्ज झाला. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हा सु. ३५ किमी. लांबीचा अरुंदमापी मार्गही (१९१७) याच कंपनीचा होता. गाड्या चालविण्याचे काम जीआयपी रेल्वेकडे सोपविण्यात आले.

अरुंद मापाची निवड प्रामुख्याने काटकसरीसाठी करण्यात आली. ७६२ मिमी. मापामुळे हलके रूळ, अरुंद भराव, लहान पूल व तीव्र वळणे चालू शकत. त्यामुळे दर किमी.चा खर्च रुंदमापी मार्गाच्या मानाने पुष्कळच कमी येई. याच मापाच्या बार्शी लाइट रेल्वेने (१८९७) अशा मार्गांची उपयुक्तता महाराष्ट्रात आधीच सिद्ध केली होती. मात्र या काटकसरीची किंमतही द्यावी लागे. मूर्तिजापूर येथे प्रत्येक गाठ अरुंदमापी वाघिणीतून उतरवून रुंदमापी वाघिणीत चढवावी लागे. अंतर लांब आणि मुख्य मार्गापर्यंत पोहोचण्यास दुसरे साधन नाही, तोवर हा बोजा सोसण्यासारखा होता. रस्ते सुधारताच तो असह्य ठरला.

मार्ग व स्थानके : मूर्तिजापूरहून निघालेली यवतमाळ शाखा कारंजा (लाड) या जुन्या व्यापारी गावावरून अडाण खोऱ्यातील दारव्ह्यास येते. तेथील स्थानक ‘दारव्हा-मोतीबाग’ या नावाने ओळखले जाते. पुढे लाडखेडवरून पठार चढत ती यवतमाळला पोहोचते. अचलपूर शाखा बनोसा (दर्यापूर) व अंजनगाव या कापूसपट्ट्यातील गावांवरून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरला जाते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या यवतमाळ शहराचा लोहमार्गाशी प्रत्यक्ष संबंध सु. शंभर वर्षे केवळ या अरुंदमापी शाखेमुळेच होता. जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी परिसरातून रुंदमापी मार्ग जातो. परंतु यवतमाळ शहरास त्याचा उपयोग नव्हता.

मार्गाचा बराचसा भाग काळ्या चिकण जमिनीवरून गेला आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तीमुळे रुळांखालची खडी सतत खचते व रुळांची पातळी बिघडते. नियमित डागडुजी न झाल्यास अशा जमिनीवर वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. या मार्गावरील गाड्यांच्या पुढे प्रसिद्ध झालेल्या संथपणाचे हे एक मूळ कारण होय.

स्वातंत्र्योत्तर स्थिती : जीआयपी रेल्वेची व्यवस्था १९२५ मध्ये सरकारकडे आली. तत्पूर्वी ॲक्वर्थ समितीने (१९२०–२१) लहान शाखा कंपन्यांची संख्या वाढविण्यास प्रतिकूल मत दिले होते आणि त्यानंतर सरकारने खाजगी शाखामार्गांना उत्तेजन देण्याचे धोरण सोडून दिले. जे मार्ग आधीच बांधले गेले होते, त्यांचे करार मात्र चालू राहिले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीशी झालेल्या करारात ठराविक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा पर्याय सरकारला होता. तो वापरला गेला नाही. जीआयपी रेल्वे १९५१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाली आणि तीबरोबर या मार्गावर गाड्या चालविण्याची जबाबदारीही मध्य रेल्वेकडे आली. रूळ व जमिनीवरील हक्क कंपनीकडेच राहिले. याउलट बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये खरेदी केली व पुढे तिचे रुंदमापीकरणही झाले.

शकुंतलेचा ‘भारतातील खाजगी रेल्वे’ असा उल्लेख वारंवार केला जातो. तो सावधपणे घ्यावयास हवा. मार्ग खाजगी मालकीचा असला, तरी एंजिने, डबे, चालक, रक्षक व तिकिटे ही सर्व भारतीय रेल्वेची होती. तसेच तिच्यापोटी दिली जाणारी रक्कम इंग्लंडला जाते, ही समजूतही दिशाभूल करणारी आहे. कारण किलिक, निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय भांडवलदारांच्या हाती आली. खरा प्रश्न पैसा कोठे जातो हा नव्हता. मार्गावर खर्च कोणी करावयाचा, हा होता. ज्या कंपनीची मालकी होती, तिला वाढते उत्पन्न दिसत नव्हते. जी रेल्वे गाड्या चालवीत होती, तिला दुसऱ्याच्या मालमत्तेत मोठे भांडवल गुंतविण्याचे प्रयोजन नव्हते. परिणामी मार्गाची दशकानुदशके केवळ जुजबी देखभाल झाली.

बाष्प एंजिने : प्रारंभापासून या मार्गावर कोळशावर चालणारी बाष्प एंजिने वापरली जात. त्यांपैकी झेडडी वर्गाचे एक एंजिन विशेष प्रसिद्ध आहे. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनविलेले हे एंजिन १९२३ पासून सु. सत्तर वर्षे कामावर होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डीझेल एंजिन आले. भारतात नव्या बाष्प एंजिनांची निर्मिती १९७२ मध्येच थांबली होती. त्यानंतरही दोन दशके या मार्गावर वाफेचा वापर चालू राहिला, यावरून रेल्वेच्या अग्रक्रमात त्याचे स्थान काय होते, याची कल्पना येते.

बाष्प एंजिनाचे काही गुण अशा मार्गांना अनुकूल होते. त्याची रचना साधी असते आणि दुरुस्ती स्थानिक लोहारकामाच्या साहाय्यानेही पुष्कळशी करता येते. स्थिर अवस्थेतूनच ते पूर्ण ओढ देऊ शकते. परंतु कोळशातील ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जाच त्यात उपयोगी पडते. गाडी निघण्याच्या कित्येक तास आधी बाष्पित्र तापवावे लागते, वाटेत पाणी भरावे लागते आणि अंतिम स्थानकावर एंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावे लागते. दोन-चार डब्यांची व दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्यांची गाडी चालविताना हा खर्च व वेळ उत्पन्नाच्या मानाने फार मोठा ठरतो.

स्वयंचलित डब्यांचा पर्याय : कमी वाहतुकीच्या शाखामार्गांची ही अडचण जगभर सारखीच होती. तीवर निघालेला उपाय म्हणजे एंजिन व प्रवासी डबा एकाच चौकटीत बसविणे, म्हणजेच स्वयंचलित डबा किंवा रेलकार होय. आरंभीच्या अशा डब्यांत लहान बाष्प एंजिन वा पेट्रोल एंजिन असे. कालका–सिमला या अरुंदमापी मार्गावर अशा मोटारगाड्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धावू लागल्या होत्या. रूडोल्फ डीझेल यांनी १८९० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या एंजिनामुळे या कल्पनेस खरी गती मिळाली. या एंजिनाची कार्यक्षमता बाष्प एंजिनाच्या कित्येक पट असून त्यास लागणारे तेल पेट्रोलपेक्षा स्वस्त व कमी ज्वालाग्राही असते.

तथापि डीझेल एंजिन भारासह स्थिर अवस्थेतून सुरू होऊ शकत नाही आणि विशिष्ट फेऱ्यांच्या मर्यादेतच ते नीट चालते. म्हणून एंजिन व चाके यांच्यामध्ये शक्तिप्रेषणाची व्यवस्था लागते. ती तीन प्रकारची असते. यांत्रिक प्रकारात मोटारीप्रमाणे दंतचक्रांची पेटी असते. द्रवीय प्रकारात तेलाच्या प्रवाहाद्वारे शक्ती दिली जाते. विद्युत् प्रकारात एंजिन जनित्र फिरविते आणि जनित्रातील विद्युत् प्रवाह चाकांच्या आसांशी जोडलेल्या चलित्रांना (मोटरींना) पुरविला जातो. डीझेल-विद्युत् प्रकारात वेग सलगपणे वाढविता येतो. त्याचा दुसरा मोठा लाभ असा की, असे अनेक डबे तारांनी जोडून त्या सर्वांचे नियंत्रण पुढच्या एकाच चालकाकडे देता येते. दोन्ही टोकांस चालककक्ष असल्याने गाडी वळविण्याचा वा एंजिन बदलण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

पहिला डीझेल-विद्युत् प्रवासी डबा १९१३ मध्ये स्वीडनमध्ये वाहतुकीत आला. म्हणजे शकुंतलेचा मार्ग ज्या काळात आकारास आला, त्याच काळात तिच्यासारख्या मार्गांस उपयुक्त ठरू शकणारे वाहन यूरोपात धावू लागले होते. दोन महायुद्धांदरम्यान या वाहनांचा झपाट्याने प्रसार झाला. जर्मनीत १९३३ मध्ये बर्लिन–हँबर्ग मार्गावर सुरू झालेली दोन डब्यांची डीझेल-विद्युत् गाडी ताशी १६० किमी. वेग गाठी. विद्युत् प्रकारातील मुख्य उणीव वजनाची आहे. जनित्र व चलित्रे यांमुळे आसावरील भार वाढतो, आणि अरुंदमापी डब्याच्या तळाशी ती बसविण्यास जागाही अपुरी पडते. त्यामुळे चित्तरंजन कारखान्यात बनविलेल्या भारतीय अरुंदमापी डीझेल एंजिनांत द्रवीय प्रेषणाचा अवलंब केलेला आढळतो. रुंदमापी मार्गांवर मात्र ही अडचण नसल्याने पेरांबूर (चेन्नई) येथील कारखान्यात १९९० नंतरच्या दशकात बांधलेल्या डीझेल-विद्युत् बहुघटक गाड्या (डेमू) शाखामार्गांवर व उपनगरी सेवांसाठी वापरात आल्या. पुणे–दौंड मार्गावर अशी गाडी २०१७ मध्ये सुरू झाली.

शकुंतलेच्या मार्गावर १९९४ मध्ये बदल झाला तो केवळ एंजिनाचा. गाडीची मांडणी पुढे एंजिन व मागे डबे अशी पूर्वीचीच राहिली. कोळसा व पाणी यांचा खर्च वाचला. परंतु रूळ, पूल व खडी जुनीच असल्याने वेग वाढला नाही. गाडी ताशी सरासरी १५ ते २० किमी. एवढ्याच वेगाने चाले. वाटेतील बहुतेक स्थानकांवर कर्मचारी नव्हते. गाडीबरोबर प्रवास करणारा रक्षकच तिकिटे देई व एंजिन सोडणे-जोडणे, निशाण दाखविणे ही कामे गाडीवरील मोजक्या माणसांनाच करावी लागत.

वाहतुकीतील स्थित्यंतर : मार्गाच्या ऱ्हासाची कारणे त्याच्या भूगोलातच होती. यवतमाळपासून मुख्य मार्गावरील धामणगाव हे स्थानक सडकेने सु. ४५ किमी. अंतरावर आहे, तर अरुंदमापी मार्गाने मूर्तिजापूर ११३ किमी. पडते. पक्की सडक व मालमोटारी उपलब्ध होताच कापसाच्या गाठी कारखान्यातून थेट धामणगावला किंवा गिरणीच्या दारापर्यंत जाऊ लागल्या आणि मूर्तिजापूर येथील चढ-उताराचा खर्चही वाचला. राज्य शासनाच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळातही (१९७२ पासून) खरेदी केंद्रांची वाहतूक मुख्यतः मालमोटारींवरच अवलंबून होती. ज्या मालासाठी मार्ग बांधला, तो माल अशा रीतीने त्यापासून दूर गेला.

प्रवासी मात्र राहिले. एस.टी.च्या मानाने रेल्वेचे भाडे फार कमी असल्याने शेतमजूर, बाजाराला जाणारे भाजीविक्रेते, विद्यार्थी व मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरच्या गाड्या गाठणारे लोक तिचा उपयोग करीत. ज्या गावांना बारमाही सडक नव्हती, त्यांना पावसाळ्यात तिच्यावाचून दुसरा आधार नसे. वेळेची ज्याला घाई आहे त्याने बसने जावे आणि पैशाची ज्याला चणचण आहे त्याने गाडीने, अशी विभागणी रूढ झाली. त्यामुळे प्रवाशांची गर्दी असूनही उत्पन्न अल्प राहिले आणि तोट्याच्या हिशेबात या मार्गाचे सामाजिक मोल कधी धरले गेले नाही. लोकांनी या गाडीला शकुंतला हे नाव दिले व ते अधिकृत नावांना मागे सारून टिकले.

बंद पडणे व पुढील योजना : मार्गाची अवस्था सुरक्षित वाहतुकीच्या दृष्टीने चिंताजनक झाल्यामुळे दोन्ही शाखांवरील सेवा २०१० नंतरच्या दशकात क्रमाक्रमाने बंद पडली. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कारकीर्दीत २०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदमापीकरणासाठी सु. १,५०० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता देण्यात आली. मार्ग पुन्हा सुरू व्हावा, यासाठी अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर व यवतमाळ परिसरांतील नागरिकांनी निवेदने दिली व आंदोलनेही केली. दरम्यान वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड या सु. २८४ किमी. लांबीच्या नव्या रुंदमापी मार्गाचे काम हाती घेण्यात आले. त्यापैकी यवतमाळ जिल्ह्यातील कळंबपर्यंतच्या वर्धा–कळंब टप्प्याचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. या मार्गामुळे यवतमाळच्या दळणवळणाची दिशा पश्चिमेऐवजी पूर्वेकडे व दक्षिणेकडे वळते. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव या गावांना मात्र त्याचा प्रत्यक्ष लाभ नाही. त्यांच्या दृष्टीने जुन्या मार्गाचे रुंदमापीकरण हाच पर्याय उरतो.

मूल्यमापन : शकुंतलेविषयीच्या लेखनात तिचा संथपणा कौतुकाने व काहीशा विनोदाने वर्णिला जातो. इतिहासाच्या दृष्टीने तो संथपणा हा एका धोरणाचा परिणाम आहे. कापसासाठी आखलेला मार्ग प्रवाशांसाठी वापरावयाचा असेल, तर रूळ मजबूत करणे, हलकी व वारंवार धावणारी वाहने आणणे आणि मालकीचा गुंता सोडविणे, या तिन्ही गोष्टी एकत्र करणे आवश्यक होते. स्वयंचलित डब्यांच्या रूपाने तंत्रविद्या उपलब्ध होती, करारातील खरेदीच्या कलमाने कायदेशीर वाटही मोकळी होती. परंतु १९९४ मध्ये केवळ एंजिन बदलले गेले आणि बाकी सर्व तसेच राहिले. ज्या मार्गाची मालकी एकाकडे, कारभार दुसऱ्याकडे व गरज तिसऱ्याची असते, तो मार्ग मोडतही नाही आणि सुधारतही नाही, हे यवतमाळच्या या लोहमार्गाने सु. शंभर वर्षांच्या आयुष्यात दाखवून दिले आहे.